नोंदीत मेलेली लेक

ती घटना आठवली की औशाकडच्या एका गावची लिंगायत स्मशानभूमी आजही डोळ्यांपुढे उभी राहते. लातूर जिल्हा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. ठाण्याची पाटी बदलली होती, पण टपाल अजून चुकून उस्मानाबादला जायचं. पावसानेही पाठ फिरवलेली. मी तिथे फौजदार होतो.

एके सकाळी त्या गावचे जंगम स्वामी ठाण्यात आले. गावात माती देताना सगळे विधी तेच करायचे.

“साहेब, एक परकी बाई रोज स्मशानात येऊन राहिली. दगड पुसती, नावं वाचती. तिच्यानंच पाऊस अडला म्हणतेत लोकं. भानामती म्हणतेत. कुणी हात टाकला तर?”

जमादाराला घेऊन मी लगेच निघालो. पोचलो तेव्हा माणसं जमली होती, दोघातिघांच्या हातात काठ्या होत्या. बाईला आणि तिच्या नवऱ्याला जीपमध्ये बसवून ठाण्यात आणलं. गर्दीत कुणाला प्रश्न विचारू नयेत. माणूस आपल्याकडे न बघता गर्दीकडे बघून उत्तर देतो.

बाई जेमतेम एकोणीस वर्षांची होती, पोटुशी होती. पाणी प्यायल्यावर बोलली.

“आमी धर्माबादचे, बौद्ध. माझी माय औंदा वारली. जाताना सांगून गेली, मी तिच्या पोटची न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात, इथल्या तलावाच्या कामावर, मी तिला मिळाले. माझी पहिली आई तिथंच तापानं गेली. तिला कुठं पुरलं तेवढं बघायचं हाय, साहेब. बाळ व्हायच्या आधी.”

लिंगायत लेकराच्या गळ्यात बांधतात ते लिंग तिच्या धर्माबादच्या मायने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. त्यावरून ही तलावाजवळच्या गावांतली लिंगायत स्मशानं धुंडाळत होती. तिचं नाव मायने पहिलंच ठेवलं होतं, आणि आईचं नावही जाताना सांगितलं होतं. तहसीलमध्ये तिने खानेसुमारीची यादीही मागितली होती. घरोघरची नावं दाखवता येत नाहीत, असं तिला सांगितलं गेलं, आणि नियमाने ते बरोबरच होतं.

मी पोलीस पाटलाकडून जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर मागवलं. दुष्काळाच्या साली पानंच्या पानं भरलेली. आईचं नाव सापडलं. त्याखालीच तिच्या मुलीचं नाव होतं. वय पाच, कारण ताप, खबर देणारा मुलीचा मामा.

“हे तर माझंच नाव हाय,” ती म्हणाली. नवऱ्याने तिचा हात धरला.

जंगम स्वामी अजून व्हरांड्यात बसून होते. मी विचारलं, “या मायलेकींची माती तुम्हीच केली?”

मी पुढे केलेल्या रजिस्टरात त्यांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं. “आईची केली. लेकराची न्हाई केली, साहेब.”

दुपारी मामाला बोलावलं. म्हातारा विधुर, अंगावर धुवट सदरा. बाईला मी आतल्या खोलीत बसवलं. खोटं बोलणारा बहुतेक घाईत असतो. हा गृहस्थ प्रत्येक शब्दाआधी थांबत होता.

“भाचीला कुठं पुरलं?”

“लई वर्सं झाली.”

“चला, जागा दाखवा.”

तो उठला आणि पुन्हा खाली बसला.

“पुरली न्हाई, साहेब. दिली. नवरा गेल्यावर बहीण माझ्याकडंच व्हती, अन् घरात दाणा नव्हता. माझीच लेकरं सुकून चालली व्हती. कामावर एक जोडपं व्हतं, मूलबाळ नसलेलं. ती बाई आपली भाकर मोडून पोरीला देताना मी रोज बघायचो. पण ते बौद्ध. भावकीनं पोरगी ओढून आणली असती, अन् खायला कुणी घातलं नसतं. म्हणून मेली म्हणून सांगितलं.” मग त्याने मान वर केली. “तुमी का इचारता? जिती हाय का ओ?”

मी आतलं दार उघडलं.

ती समोर येऊन उभी राहिली. त्याला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. तिच्या पोटाकडे बघत त्याने विचारलं, “कितवा महिना, बाई?” आणि तो रडायला लागला.

खोटी खबर देणं हा गुन्हाच. तक्रार द्यायची का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “आईची जागा दाखवा म्हणावं. दुसरं काई नको.” ऊन उतरल्यावर तो तिला तिकडे घेऊन गेला. तिथे दगड नव्हता, पण जागा त्याच्या पक्की ध्यानात होती. ती जमिनीवर हात टेकून बसली. आम्ही लांब थांबलो.

पुढच्या आठवड्यात तिचे धर्माबादचे वडील ठाण्यात आले. पोरगी आता आपली राहते की नाही, याची त्यांना धास्ती होती. मामालाही मी बोलावून घेतलं होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. “लेक तुमचीच हाय. वर्साकाठी चार दिस माझ्याकडं माहेराला धाडा, एवढंच.”

वडिलांनी त्याला धरून उठवलं. “पहिलं बाळंतपण करता का? आमच्याकडं आता बाईमाणूस न्हाई.”

मामाच्या सुनेने ते बाळंतपण केलं. भावकीतले बरेच जण बारशाला आले नाहीत. जंगम स्वामी आले.

पोलिसाला शिकवलेलं असतं की खोट्या नोंदीमागे पाप शोधायचं. मीही त्या दिवशी तेच शोधत होतो. त्यानंतर कुठलीही खोटी नोंद हाती आली की मी आधी बघायचो, खबर देणाऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती का.