सुकटीतली चांदी

सर्व संबंधितांस, आणि विशेषतः आमच्या सोसायटीच्या जिन्यातल्या मांजरीस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की यंदाच्या चैत्रात मी सासूबाईंची चांदीची माळ घातली.

सव्वीस वर्षं माझा त्या माळेवर डोळा होता. जुन्या चांदीच्या रुपयांची, लाल रेशमी गोफात ओवलेली. सासूबाई ती सणालासुद्धा घालत नसत. ओवे गावच्या घरी माळ्यावर सुकटीचा, म्हणजे सुक्या मासळीचा, पत्र्याचा डबा असे, आणि त्याच्या तळाशी, फडक्यात बांधलेली, ती. "चोर कपाट फोडतो गो. सुकटीत हात कोन घालतो?" हा त्यांचा युक्तिवाद.

यंदा त्या पनवेलला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा डबाही सोबत आला. शेजारणीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी लाडीगोडी लावली. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"घाल. मी पन येते बघायला. तुला झेपली तर तुझी. नायतर धाकटीला देईन."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिला झेपली असती, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

नाणी पार काळी पडली होती. रांगोळीनं घासघासून मी ती लखलखीत केली. गोफ मात्र भिजवला नाही. जुनं रेशीम, तुटलं असतं तर? जिन्यात मांजर माझ्यामागे दोन मजले चढून आली. मला वाटलं, बापडीला दागिन्यांची पारख आहे.

शेजारणीच्या घरात अंडंसुद्धा शिरत नाही. गौर झोपाळ्यात बसलेली, समोर कलिंगडाचं कमळ, आंबेडाळ, पन्हं. समई विझेल म्हणून पंखा बंद. चैत्रातली दुपार. माझ्या मानेला घाम फुटला, गोफ ओला झाला आणि सुकट जागी झाली.

"खाली कुणीतरी काहीतरी तळतंय," एक बाई नाक मुरडत म्हणाली. शेजारणीनं लगबगीनं खिडकी लावली. त्यामुळे तर बहारच आली. तिनं आणखी दोन उदबत्त्या लावल्या. त्यांनी वासाला फक्त सोबत केली.

कोपऱ्यात सासूबाई पन्ह्याचा पेला धरून बसल्या होत्या. पीत नव्हत्या. त्यांना कळलं होतं. पदर त्यांनी दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या मला एवढ्याशा दिसल्या.

माझी पर्स मांडीवर होती. हात धुवायच्या निमित्तानं आत जायचं, माळ काढून पर्समध्ये टाकायची, झालं. मी उठलेसुद्धा. सासूबाईंनी मान खाली घातली.

मग मात्र माझ्यातली नटी जागी झाली. "वहिनी, खिडकी उघडा," मी खणखणीत आवाजात म्हटलं. "वास माझ्या गळ्यातून येतोय. आमच्याकडे चांदी सुकटीत ठेवतात."

शेजारीण कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यापर्यंत आली, वाकली आणि चक्क माळ हुंगली. "अगंबाई, खरंच की!" म्हणून ती अशी हसत सुटली की कुंकू माझ्या नाकावर लागलं. मग काय, बायका माळ बघायला आणि हुंगायला ओळीनं आल्या.

आणि कोपऱ्यातून, भरल्या घरात, सासूबाई ओरडल्या, "आता ती तुझीच गो! पन ठेवायची सुकटीतच, कपाटात नाय!"