वाटणीतलं टेबल

सख्खा भाऊ पक्का वैरी म्हणतात ते काय उगाच? चिंचवडगावात येऊन बघायचं होतं. पलीकडे पिंपरीच्या माळावर कारखान्याच्या भिंती उठत होत्या, आणि इकडे लक्ष्मण नि कोंडाजी या दोघा भावांच्या राहत्या घरात मधोमध भिंत उठायची होती. बाप मालोजी जाऊन महिना झाला नव्हता. थोरला लक्ष्मण खडकीला कारखान्यात सुतारकाम करायचा, धाकटा कोंडाजी शेत बघायचा. एकमेकांशी बोलायची वेळ आलीच तर दोघं बैलाला शिव्या घालून बोलायचे.

शेत वाटलं, घर वाटलं. गाडं अडलं ते एका टेबलावर. ओसरीच्या भिंतीला लागून असायचं ते, लांबलचक आणि हातभर रुंद. वर सागाची एकसंध फळी, कडेनं कोरलेली वेलबुट्टी, फळीखाली लाकडी चौकट आणि तिला लोखंडाचे वळवलेले पाय. मालोजी त्यावर पागोटं ठेवायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "सायबाच्या बंगल्यातलं हाय. लिलावात घेतलंय."

धादांत खोटं! ते टेबल लक्ष्मणनं घडवलं होतं. खडकीला एका मित्राच्या छपरात, सुट्टीच्या दिवशी बसून, बापासाठी. फळी रंधून रंधून अशी केली की हात ठरू नये. पायांसाठी लोहाराच्या भात्याशी स्वतः उभा राहिला. पण जमीनवाल्याच्या पोरानं रंधा धरला याची मालोजीला लाज वाटायची, नाक कापल्यासारखं व्हायचं. म्हणून तो साहेब आणि म्हणून तो लिलाव. कोंडाजीलासुद्धा खरं ठाऊक नव्हतं. बाप एकदा तरी 'माज्या पोरानं केलंय' म्हणेल म्हणून लक्ष्मण वाट बघत राहिला, आणि म्हातारा काही न म्हणता गेला की हो! आता लक्ष्मणला दुसरं काही नको होतं. ते टेबल मात्र पाहिजे होतं.

वाटणीची रीत अशी, की थोरल्यानं दोन वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरल्याला लबाडी साधू नये. लक्ष्मणनं एका वाट्यात तांब्यापितळेची सगळी भांडी मांडली. दुसऱ्यात ते टेबल आणि थोडी अडगळ. भांड्यांवर कोंडाजीचा डोळा होता, हे त्याला माहीत होतं. पण कोंडाजी कसला बेरकी! पंच आबाजींना म्हणाला, "जरा दमा. टेबलाची किंमत हू द्या आदी." आणि जुन्या सामानाचा व्यापारी सोपानराव पुण्याहून आणून बसवलाच होता त्यानं.

सोपानरावानं फळी टिचकीनं वाजवली, वेलबुट्टीवरून बोट फिरवलं. "साहेबाच्या घरचंच काम. असला हात आपल्याकडं कुठला? या एका नगाला तुमची सगळी भांडी विकली तरी पुरायची नाहीत."

कोंडाजीनं टेबलाकडे पाऊल टाकलं. लक्ष्मण मध्ये शिरला.

"कसला सायब घेऊन बसलाय!" तो ओरडला. "म्या केलंय ते!"

जे बापाच्या तोंडून ऐकायचं होतं ते असं स्वतःच्या तोंडानं बोलावं लागलं, आणि बोलल्या बोलल्या त्याच तोंडानं त्यावर थुंकावं लागलं. "पाय म्हंजे मोडक्या गाडीच्या चाकावरची लोखंडी धाव हाय, बंगल्यातलं लोखंड न्हवं. फळीत गाठ हाय, लाख भरून दडवलीया. सांधे नुसते सरसावर चिकटवलेत, औंदाच्या पावसाळ्यात सुटत्याल. शिकत व्हतो तवाचं गबाळं काम."

धाव खरी होती, गाठही खरी होती. सांध्यांचं मात्र साफ खोटं. सोपानराव खाली वाकला, धावेची झीज बघितली, नखानं लाख खरवडली आणि त्याचं तोंड उतरलं. पण व्यापारीच तो, पडला तरी नाक वर! "मी म्हणणारच होतो, काहीतरी खटकतंय. हे तर जळणाच्या भावाचं निघालं."

लक्ष्मणला हायसं वाटलं. ते काही टिकलं नाही.

"जळण व्हय?" कोंडाजी हसला. "मग त्ये वाट्यात कशापायी? जळण निम्मंनिम्मं, ही गावची रीत. काय आबाजी?"

"व्हय. जळणाचं दोन भाग," आबाजी म्हणाले.

लक्ष्मणचा चेहरा पांढराफटक पडला. कोंडाजी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, तुला पायजेल म्हून शिव्या घालतुयास, येवढं कळत न्हाई व्हय मला? आता सांग पंचास्नी चांगलं हाय म्हून. आख्खं उचलतो."

इकडे आड, तिकडे विहीर. खरं बोलावं तर टेबल कोंडाजीच्या ओसरीवर जाणार, खोटं रेटावं तर करवत. लक्ष्मणनं भावाकडे बघितलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. याच्या ओसरीवर? मेलो तरी नाही! तो आत गेला आणि करवत घेऊन आला.

त्यानंच कापलं. फळीचा भुसा अंगणात पडला आणि सागाचा वास सगळ्यांच्या नाकात गेला. खालची चौकट कापताना एक सांधा हलला नाही की करकरला नाही. आबाजींची तंबाखू मळायची थांबली. सोपानराव उगाच रस्त्याकडे बघत बसला. दोन पाय इकडे झाले, दोन तिकडे.

कोंडाजी जिंकल्यासारखा पुढे झाला. आपला भाग उचलायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. एका सांध्यावरून त्यानं अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. एकात एक बसलेलं लाकूड, मध्ये केसभर फट नव्हती.

"दादा," तो म्हणाला, "काम लई चांगलं केलं व्हतंस रं."

त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट झालं. लक्ष्मणच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पंचांच्या देखत, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं आपला अर्धा भाग दोन्ही हातांनी उचलला आणि कोंडाजीच्या पायाशी नेऊन आदळला.

"घे, मुडद्या. ह्येबी जाळ."