उणे वीसमध्ये चालणारे सेल

आमच्या घरात संपलेले सेल लगेच टाकून देत नसत. रिमोट चालेनासा झाला की त्यातले पेन्सिल सेल खिडकीत, वाळत घातलेल्या सांडग्या मिरच्यांशेजारी ठेवायचे. चेन्नईच्या उन्हात दुपारभर तापले की ते आणखी काही दिवस चालत. माझ्या इंजिनियर नवऱ्याला हे पटत नसे. "मेलेल्याला शेकून काय होणार?" असं म्हणायचा. क्रिकेटची मॅच असली की मात्र तेच सेल गुपचूप उचलून रिमोटमध्ये घालायचा.

म्हणून मुलीचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा तेच सांगितलं, "उन्हात ठेव."

"आई, इथलं ऊन नुसतं दिसतं," ती म्हणाली.

ती तेव्हा मनालीच्या पलीकडे, रोहतांगचा घाट ओलांडल्यावर लागणाऱ्या एका लहान गावात राहत होती. बोगदा तेव्हा झाला नव्हता. हिमबिबट्यावर तिचं संशोधन चालू होतं. त्यासाठी तिने वरच्या कड्यांवर दगडांना कॅमेरे बांधले होते. समोरून जनावर गेलं की ते आपोआप फोटो काढतात. ऑक्टोबरातच रात्रीच्या थंडीने त्यांतले सेल माना टाकू लागले होते. तिचे सर म्हणत होते, रस्ता बंद व्हायच्या आत कॅमेरे उतरवू आणि खाली जाऊ. तिला हिवाळाभर तिथं राहायचं होतं. बर्फात ते जनावर कुठून ये-जा करतं हाच तिच्या प्रबंधाचा गाभा होता. थंडीत टिकणारे सेल मिळाले तर राहा, एवढं सरांनी कबूल केलं होतं.

"बाबांच्या फॅक्टरीत थंडीचं चेंबर आहे ना? कोणते सेल टिकतात ते बघून पाठवा. पण लवकर."

नवरा चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात होता. काचेवरचे वायपर थंड देशांत चालतील का, हे तिथल्या चेंबरमध्ये पाहत. मी नुंगंबाक्कमला बँकेत. माझ्या टेबलावर आलेलं काम संध्याकाळपर्यंत संपतं, निदान कुणाकडे ढकलायचं ते तरी ठरतं. थंडीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. घरात एकच स्वेटर होता, तोही पुण्याच्या लग्नांना जाताना बाहेर निघायचा.

तरी स्वस्थ बसवेना म्हणून मी दोन कंपन्यांचे सेल प्लॅस्टिकच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवले. सकाळी टॉर्चमध्ये घालून पाहिले तर दोन्ही लख्ख चालले.

"आपला फ्रीझर म्हणजे तिथली दुपार," नवरा म्हणाला. "शिवाय टॉर्चला थोडाच करंट लागतो. कॅमेरा दिवसभर झोपलेला असतो आणि फ्लॅश मारताना एकदम ओढतो. तसंच ओढून बघायला पाहिजे."

"मग बघा ना."

"चेंबर मोकळं झालं की."

चेंबर मोकळं झालं नाही. शेवटी त्याने वरिष्ठांना विचारून वायपरच्या मोटरींशेजारी कोपऱ्यात सेल मांडले. मग मात्र त्याच्यातला क्वालिटीवाला जागा झाला. एकदा थंड करून तो थांबेना. थंड, गरम, पुन्हा थंड, अशी पूर्ण फेरी झाल्याशिवाय तो निकाल सांगायला तयार नव्हता. रोज कंपनीच्या बसमधून उतरला की मी विचारायची आणि तो म्हणायचा, "अजून डेटा येतोय."

"तिकडे बर्फ येतोय."

"चुकीचे सेल पाठवले तर ती वर अडकेल आणि हातात काहीच नसेल. तसं चालेल तुला?"

त्याचं बरोबरच होतं.

अखेर निकाल आला. साधे अल्कलाइन सेल थंडीत फ्लॅश मारताना कोसळत होते. चार्जिंगचे बरे होते, पण वापरले नाहीत तरी आठवड्या-आठवड्याने रिकामे होत जातात, आणि महिनोन्‌महिने बर्फात चार्ज कोण करणार? लिथियमचे पेन्सिल सेल तेवढे उणे वीसलाही शांतपणे चालले. हा नमुना त्याच्या परदेशी जाऊन आलेल्या सहकाऱ्याने दिला होता.

आता ते मिळवायचे होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात दुकानदाराने मला घड्याळाचे गोल सेल दाखवले, मग लॅपटॉपची बॅटरी दाखवली. थंडीसाठी हवेत म्हटल्यावर तो शेजारच्या दुकानदाराला तमिळमध्ये ओरडून म्हणाला, "ऐकलंस का, अम्माला थंडी वाजतेय." दोघंही हसले. बाहेर पाऊस पडत होता आणि मी घामाने भिजले होते, त्यामुळे मलाही हसू आलं.

सेल बर्मा बाजारात मिळाले, सिंगापूरहून आलेले. नवऱ्याने प्रत्येक पाकीट तळहातावर तोललं. लिथियमचा सेल साध्यापेक्षा चांगलाच हलका लागतो. जड लागलेली पाकिटं त्याने परत केली. घरी येऊन मी सेल वर्तमानपत्रात गुंडाळले आणि डब्यात गच्च भरले.

कुरियरवाल्याने डबा हलवून विचारलं, "आत काय?" मी खरं सांगितलं.

"लिथियम विमानाने जात नाही, मॅडम."

"मग रस्त्याने पाठवा."

"रस्त्याने दिल्लीच्या पुढचं मी सांगू शकत नाही."

मग आम्ही इथले मराठी लोक नेहमी करतो तेच केलं. मंडळात विचारलं, उत्तरेला कुणी जाणारं आहे का? चकली भाजणीपासून मंगळसूत्रापर्यंत आमच्या सगळ्या वस्तू अशाच कुणाच्या तरी बॅगेतून फिरतात. आवडी या उपनगरातल्या डिफेन्स कारखान्यातले एक गृहस्थ दिवाळीनंतर रेल्वेने दिल्लीला जाणार होते. डबा त्यांच्याबरोबर गेला. दिल्लीहून मुलीच्या संस्थेतल्या एकाने तो मनालीला पोहोचवला.

मनालीत डबा पोहोचला आणि बर्फाने घाट बंद झाला.

मला हे समजायलाच वेळ लागला. चेन्नईत पार्सल उशिरा येतं म्हणजे दोन दिवसांनी येतं. मी फोनवर विचारलं, "मग कधी मिळेल?"

"मे महिन्यात," मुलगी म्हणाली.

"हेलिकॉप्टर येतं ना?"

"आजारी माणसांसाठी येतं, आई. सेलसाठी नाही."

ती तिथंच राहिली होती. सेल निघाल्याचं आम्ही कळवलं होतं. त्याच भरवशावर तिने सरांना हो म्हटलं होतं आणि ते खाली उतरले होते. तिच्याजवळ साधे सेलच होते. कुठले सेल टिकत नाहीत हे आता आम्हाला आकड्यांसकट माहीत होतं, आणि नेमके तेच तिच्याकडे होते. नवऱ्याने त्या आठवड्यात चेंबरचे कागद ऑफिसच्या बॅगेत तसेच राहू दिले.

जानेवारीत फोन लागेनासा झाला. मी रोज बँकेत जात होते, येत होते. खिडकीत मिरच्या नव्हत्या, पण रिमोटचे सेल होते. ते उलटेपालटे करताना मी इतर काही विचार करायची नाही.

फोन पुन्हा लागला तेव्हा तिने थोडक्यात सांगितलं. वरचे कॅमेरे पहिल्या मोठ्या बर्फातच बंद पडले. गावाजवळचे दोन तेवढे तिने चालू ठेवले.

"कसे?"

"सेल आलटून पालटून. एक जोडी कॅमेऱ्यात, एक माझ्या शर्टाच्या आत. अंगाच्या उबेने पुन्हा थोडे चालतात. तू ठेवायचीस ना खिडकीत, तसंच."

"रोज जातेस?"

"जाता येईल तेव्हा."

मे महिन्यात पहिल्या ट्रकने डबा पोहोचला. तोवर ती अर्ध्या बाह्यांत फिरत होती. दोन कॅमेऱ्यांवर हिवाळा सिद्ध होत नाही, असं सरांनी सांगितलं आणि प्रबंधातलं हिवाळ्याचं प्रकरणच गळलं. तिने वाद घातला नाही.

पावसाळ्यात घरी आली तेव्हा तिने कॉम्प्युटरवर फोटो दाखवले. हिमबिबट्या दोनदाच होता, त्यातही एकदा नुसती शेपूट. बाकी कोल्हा, बर्फ आणि ती स्वतः. समोर आलेलं सगळंच कॅमेरा टिपतो, त्यामुळे सेल बदलायला आली की तिचाही फोटो निघत असे. एकामागून एक असे पुष्कळ होते. प्रत्येकात एक हात कॅमेऱ्याकडे, दुसरा जॅकेटच्या आत छातीशी. गालफडं बसत चाललेली.

"हे पुसून टाकायचेत," ती म्हणाली. "उगाच जागा खातात."

नवरा पडद्याजवळ वाकून कोपऱ्यात उमटलेलं तापमान वाचत होता. मी जॅकेटकडे पाहत होते. डिसेंबरपासून पुढे प्रत्येक फोटोत त्याची चेन अर्ध्यावरच अडकलेली होती. मी तिला जॅकेट कुठे आहे ते विचारलं, बॅगेतून काढलं, आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नवी चेन लावायला घेऊन गेले.