उत्तर आलं म्हणजे बसतो

मंत्र्यांचं उत्तर संपलं की प्रश्न विचारणाऱ्याने खाली बसायचं, हा विधानसभेचा शिरस्ता. यमुनाताई बसत नसत. पदर कमरेला खोचून तशाच उभ्या राहत. अध्यक्ष म्हणत, "माननीय सदस्यांनी आसनस्थ व्हावं." त्यावर ताई शांतपणे म्हणत, "उत्तर आलं म्हणजे बसतो, अध्यक्षमहाराज." बाईमाणसाने 'मी बसतो' म्हणण्याची आमची वऱ्हाडी रीत पुण्या-मुंबईच्या सदस्यांना नवी होती. ते हसत. त्या हशात प्रश्न बुडून जाई, आणि मंत्र्यांना तेच हवं असे.

ताई अकोल्याच्या जुन्या शहरात राहत. आधी मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या, मग सत्ताधारी पक्षाच्या तिकिटावर निवडून आल्या. मी अमरावतीला वकिली करत होतो. त्यांचे यजमान माझे कॉलेजातले मित्र. ते अकाली गेले, पण ताईंचं येणं सुटलं नाही. कायद्याचं काही अडलं की एसटीने यायच्या आणि पायरीवरूनच विचारायच्या, "भाऊ, कामात त नाही ना?"

एकोणीसशे साठ साल उलटल्यावरची गोष्ट. त्या दिवशी त्या परतवाड्याहून आल्या होत्या आणि चहाला नको म्हणाल्या. परतवाड्याजवळ मोतीबिंदूचं शिबिर झालं होतं. आरोग्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन, हारतुरे, फोटो. पट्ट्या सोडल्या तेव्हा बऱ्याच जणांचा शस्त्रक्रिया केलेला डोळा कायमचा गेला होता. डॉक्टर आपापल्या गावी निघून गेले होते. त्या लोकांत सोनाबाई नावाची मजुरी करणारी विधवा होती. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू असल्याने तिला चाचपडत चालावं लागे. ती ताईंना म्हणाली होती, "डोया गेला त गेला, बाई. पन कावून गेला, थे त कोनी सांगा."

मी म्हणालो, "भरपाईचा दावा लावता येईल."

"थे भरपाई नाही मागून राहिली, भाऊ. कारण मागून राहिली. तिले कारण सांगाले कोन बांधील हाय?"

मी पुस्तकं उघडली. कोणीच बांधील नव्हतं.

"मंग कायदा करा लागते," ताई म्हणाल्या.

विधेयकाचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून केला. त्याचा जीव एका कलमात होता: दवाखान्यात किंवा शिबिरात रोग्याला इजा झाली, तर ती कशाने झाली आणि कोणाच्या हातून झाली, हे त्याला किंवा त्याच्या नातेवाइकांना त्यांच्या भाषेत सांगावं लागेल. विधेयक मांडताना ताई म्हणाल्या, "अध्यक्षमहाराज, बैल हरवला त फौजदार मालकाले सांगते, सापडला का नाही. मानसाचा डोया हरवला त सरकार म्हनते, चौकशी चालू हाय." त्या दिवशी कोणी हसलं नाही. विरोधी बाकांवरचेही मान डोलावत होते. मी गॅलरीत होतो. वाटलं, होईल हे.

संध्याकाळी आरोग्यमंत्र्यांनी ताईंना दालनात बोलावलं. मीही सोबत होतो. मंत्री फार गोड बोलले. "ताई, हेतू आम्हाला मान्यच आहे. पण डॉक्टर मंडळी बिथरतील. तुम्ही विधेयक मागे घ्या, सरकार स्वतःचं आणेल. आणि त्या लोकांचे उरलेले डोळे आपण मुंबईला नेऊन चांगल्या हातून करवू."

"आनि मागं नाही घेतलं त?"

मंत्री नुसते हसले.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "डोये ओलीस ठेवले, भाऊ."

पण हा निर्णय आपला नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही परतवाड्याला गेलो. ताईंनी सोनाबाईला दोन्ही बाजू नीट समजावून सांगितल्या, काही लपवलं नाही. सोनाबाईने चाचपडत ताईंचा हात धरला. मग म्हणाली, "मले दिसलं त मी काम करून खाईन, बाई. कायदा मंग बी होईन."

ताईंनी विधेयक मागे घेतलं. सोनाबाईचा डोळा मुंबईला झाला आणि चांगला झाला. बाकीच्यांपैकी थोड्यांचेच झाले. पुढे वर्तमानपत्रांत फोटो येऊन गेल्यावर त्यांना मुंबईला नेणारी सरकारी गाडी जायची थांबली.

पुढच्या वर्षी सरकारचं विधेयक आलं. चौकशी समिती होती, तिचे अधिकार होते, सदस्यांचे भत्तेही होते. आमचं कलम मात्र नव्हतं. त्याच्या जागी होतं, समितीचा अहवाल गोपनीय राहील. स्वपक्षाच्या विरोधात ताईंनी एकटीने हात वर केला. तरी दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने छापलं, 'यमुनाताईंच्या प्रयत्नांना यश'.

वर्षभरातच दुसऱ्या एका गावच्या शिबिरात पुन्हा डोळे गेले. ताईंनी प्रश्न विचारला. मंत्री उठले आणि म्हणाले, "माननीय सदस्यांच्याच प्रेरणेने झालेल्या कायद्यानुसार ही माहिती देता येत नाही." ताई उभ्याच राहिल्या. अध्यक्षांनी तीनदा सांगितलं, मग शिपायांना बोलावलं. दोन शिपाई त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त अमरावतीला येणं बंद केलं. मी गेलो तर इकडचं तिकडचं बोलत. विधेयकाचा विषय निघाला की उठून आत जात.

त्या गेल्या तेव्हा अकोल्याच्या घरी पक्षाकडून मोठं पुष्पचक्र आलं होतं. अंगणात फार माणसं नव्हती. सोनाबाई सकाळच्या एसटीने परतवाड्याहून आली. एका डोळ्याने तिने ताईंचं तोंड नीट पाहून घेतलं. मग माझ्याजवळ येऊन भिंतीला टेकून बसली. ताईंनी विधेयकाचं पुढे काय झालं ते तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिला ते बाजारात कोणाकडून तरी कळलं होतं.

"वकीलसायेब," ती हळूच म्हणाली, "बाईनं मले इचारलंच नसतं त बरं झालं असतं."