सरांचा मेंदू

अल्झायमरमुळे मेंदूत साचणारे डाग ओळखायला मला परळच्या प्रयोगशाळेत सरांनी शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांनाच तो आजार झाला. मेंदू संशोधनाला द्या, असं ते आधीच सांगून गेले होते. त्याचे काप मीच तपासले. डाग सगळीकडे होते. मला रडू आलं नाही. हात धुतले, डबा उघडला, जेवले.

संध्याकाळी दादरला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवत विचारलं, "आजारच होता ना गं?"

"हो, काकू."

"शेवटी मला परकी बाई म्हणून हाकलायचे. वाटायचं, आयुष्यभराचा राग काढतायत."

"राग नव्हता तो, काकू."

त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. चहा उतू गेला, तेव्हा गॅस मीच बंद केला.