लोखंडी दारापाशी

रविवार, दुपारचे साडेतीन. गंगापूर रोडवरचं माझं घर. जेवणाच्या टेबलावर आमच्या पेपरच्या बंद पडलेल्या आवृत्तीचा जुना कॉम्प्युटर, शेजारी रफिक, आणि फोनच्या स्पीकरवर पुण्याहून शैलाताई.

पत्रकाराकडे छापलेल्यापेक्षा न छापलेलंच जास्त साचतं. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. न छापलेलं मात्र डोक्यात राहतं आणि कोणी चहा पुढे केला की बाहेर पडतं. माझ्याकडचा सगळ्यात मोठा साठा एका व्हिडिओ गेमचा आहे. हो, गेमचा! जन्मभर पुढाऱ्यांशी उघड भांडलो, आता यात काय लाजायचं?

गेम चोरपावलांचा. एक हेर, कडेकोट पहाऱ्यातला एक बंगला. अंधारात थांबायचं, पहारेकऱ्याची पाठ वळली की सरकायचं. पेपरची पानं लावायला घेण्याआधी, दुपारी तीन ते साडेचार, आम्ही चौघे रफिकच्या मशीनवर. रफिक पानं लावायचा, शैलाताई उपसंपादक, वामन फोटोग्राफर आणि मी वार्ताहर.

नियम वामनचे. पहिला, कोणालाही मारायचं नाही. "फोटोग्राफरने घटनेत हात घालायचा नसतो!" दुसरा, गेमच्या शेवटच्या टप्प्यातलं लोखंडी दार चौघे हजर असल्याशिवाय उघडायचं नाही.

ते दार आम्ही कधीच उघडलं नाही. त्याच्या आधी संगमरवरी कॉरिडॉर होता, त्यात तीन पहारेकरी, आणि माउस पाळीपाळीने फिरायचा. माझी पाळी आली की मी पळायचो. अलार्म! सगळे मेलो!

"सर," रफिक म्हणायचा, "तुम्ही चालताय की मोर्चा काढताय?"

*

एकदा संपादकसाहेब अचानक आले. रफिकने झटक्यात स्क्रीनवर पान तीन आणलं. आम्ही तिघं त्या पानाकडे असे बघत उभे, जणू त्यात राजीनामा छापलाय.

आवाज बंद करायचा मात्र राहिला. साहेब दारात पोचले आणि स्पीकरमधून पहारेकरी गरजला, "हू इज देअर?"

साहेब जागीच थबकले. "मी आहे!"

*

शैलाताई हातातल्या घड्याळावर पहारेकऱ्यांच्या फेऱ्या मोजायच्या. एकदा कळवणचा वार्ताहर त्यांना फोनवर बातमी सांगत होता. पहारेकरी वळायची वेळ झाली म्हणून त्यांनी "एक मिनिट हं" म्हणत रिसीव्हर टेबलावर ठेवला. तेवढ्यात मी पळालो.

"मागे बघ! मागे! गेला! मेला हा माणूस!" त्या ओरडल्या.

शैलाताईंनी परत रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून हळूच आवाज आला, "ताई, कोण गेलं हो हापिसात? शोकाच्या दोन ओळी देऊ का?"

*

इगतपुरीच्या विश्रामगृहात एका मंत्र्याची गुप्त बैठक होती. पत्रकारांना बंदी! मी फाटकावर हवालदाराशी लोकशाहीवर वाद घातला. त्याने मला शांतपणे दोन तास चौकीत बसवलं.

बाहेर आलो तर वामन गाडीला टेकून केळं खात होता. बैठकीचा फोटो त्याच्या कॅमेऱ्यात! बंदोबस्त पुढेमागे, कुलपं जागच्या जागी, आणि हा आत जाऊन आला होता.

"कसा गेलास?"

"तू तिकडे भाषण देत होतास. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या."

तो फोटो पहिल्या पानावर आला. आत कसा गेला हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

*

आवृत्ती बंद झाल्याचं एका शुक्रवारी ईमेलने कळलं. तीन ओळी! कळवणपासून मालेगावपर्यंत ज्यांच्या जिवावर पेपर उभा होता, त्यांना एक फोन करायचीही कोणाला गरज वाटली नाही. याचा राग मला आजही आहे आणि तो मी सोडणार नाही.

त्या शुक्रवारी दुपारी लावायला पानच नव्हतं. वामन म्हणाला, "चला, आज दार उघडू." रफिकने पहिला पहारेकरी चुकवला. मग माउस माझ्याकडे आला. शैलाताई मोजत होत्या, "थांब... थांब... अजून थांब..."

डोक्यात तो ईमेल होता. मी पहारेकऱ्याला गोळी घातली.

अलार्म वाजत राहिला. वामनने कॅमेऱ्याची बॅग उचलली. "तुला कधीच थांबता आलं नाही. आज तरी थांबायचं होतंस." आणि तो गेला.

नंतर मी त्याला फोन केला नाही. चूक माझी होती, म्हणूनच केला नाही. वर्षही झालं नव्हतं, तोवर वामन खरंच गेला. त्याने मला माफ केलं होतं का, हे विचारायला कोणी उरलं नाही.

*

रफिकचं आता मालेगावात फ्लेक्सचं दुकान आहे. आज येताना त्याने लॅपटॉपवर याच गेमचं नवं रूप आणलं होतं. त्यात पहारेकरी भिंतीपलीकडूनही दिसतात, कुठे जायचं ते बाण सांगतात. मग थांबायचं कशासाठी? मी तो लॅपटॉप मिटला.

"मला वाटलंच होतं," रफिक म्हणाला आणि गाडीतून जुनं मशीन घेऊन आला. ऑफिसातून उचललं तेव्हापासून ते त्याच्या माळ्यावर पडून होतं. "चालू करूनही बघितलं नाही, सर. तिघांत कसं बघणार?"

मशीन घरघरत चालू झालं. सेव्ह केलेल्या खेळांची यादी उघडली. आमचा शेवटचा सेव्ह शुक्रवारचा, कॉरिडॉरच्या तोंडाशी. त्याच्या वर आणखी एक होता. दोन दिवसांनंतरचा, रविवार, दुपारी तीन बत्तीस.

तो उघडला. कॉरिडॉर मागे पडलेला. तिन्ही पहारेकरी जिवंत, आपापल्या फेऱ्या घालताहेत. आमचा हेर लोखंडी दाराशेजारच्या अंधारात उभा. दार बंद.

"शैलाताई, हे तुम्ही?"

"मी शनिवारीच पुण्याला आले रे."

"रफिक?"

"कसम से, नाही सर."

मी माउसवरून हात काढून घेतला.

त्या शुक्रवारनंतर शनिवारी सकाळीच मुंबईच्या मुख्य ऑफिसातून माणूस आला होता, त्याने ऑफिसला कुलूप लावून, त्यावर सील ठोकून किल्ली परत नेली. मंगळवारी त्याच्याबरोबर रफिक मशीन आणायला गेला, तेव्हा कुलपावरचं लाखेचं सील शाबूत होतं.