श्यामलाबाईंची लॅडिनो

श्यामलाबाई कारखानीस तीस वर्षं ईलिंगजवळच्या एका हॉस्पिटलात ऑडिओ टायपिस्ट होत्या. कानाला हेडफोन, पायाखाली टेप थांबवायचं पेडल आणि टेपवर पत्रं सांगणारा कधी ग्लासगोचा, कधी लागोसचा, तर कधी कोलंबोचा डॉक्टर. क्लिनिकमध्ये पेशंटला हाक मारायची वेळ आली की त्या फाइलच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्याचं नाव देवनागरीत लिहून घेत. मग पोलिश असो नाहीतर सोमाली, माणूस आपलं नाव धड ऐकून चमकून वर बघायचा. आपल्या लिपीत मावणार नाही असा आवाज अजून जन्माला यायचाय, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांची सगळीच मतं ठाम होती, हे त्यांचे यजमान डॉ. उल्हास उसासा टाकून सांगत.

शेजारच्या घरात एस्त्रेया राहायची. ही इझमीरची ज्यू बाई लग्न करून लंडनला आली, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती. तिची माहेरची भाषा लॅडिनो. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू जी स्पॅनिश तोंडात घेऊन तुर्कस्तानात गेले, ती ही भाषा. २००५ साली घशाच्या कॅन्सरमध्ये एस्त्रेयाचं स्वरयंत्र काढलं आणि बोलणं संपलं. हॉस्पिटलने बोलायचं मशीन दिलं होतं, पण त्यातून निघणारा घरघराट एकदा ऐकून तिने ते खणात टाकलं.

इझमीरला तिची धाकटी बहीण पेर्ला होती, आंधळी. दर रविवारी होणारा बहिणीचा फोन बंद झाला. भाचा एस्त्रेयाची पत्रं वाचून दाखवायचा, पण पेर्ला म्हणायची, "ही तूच लिहितोस. माझी बहीण गेली, आणि तुम्ही लपवताय." दहा महिने हेच चाललं होतं. आता ती बहिणीच्या नावाने सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसणार म्हणून हटून बसली होती. जित्या बहिणीचं सुतक! भाच्याचं पत्र वाचून एस्त्रेया श्यामलाबाईंच्या किचनमध्ये येऊन ढसाढसा रडली, तेही आवाजाशिवाय. श्यामलाबाईंना ते बघवेना.

"मी बोलते तुझ्या वतीने," त्या म्हणाल्या. "फोनवर. तुझ्या भाषेत."

"अगं, शेजारच्या पटेलबाईंशी गुजरातीत दोन वाक्यं बोलायला तुला पंचवीस वर्षं लागली," उल्हासराव म्हणाले.

"अहो, तेव्हा मोटिव्हेशन नव्हतं. प्लीज, तुम्ही मध्ये बोलू नका."

प्रवाशांसाठी असतात तसल्या वाक्यांपासून शिकवणी सुरू झाली. बुएनोस दिआस. मुन्चास ग्रासियास. सी, म्हणजे हो. के हाबेर, म्हणजे काय खबर. "हाबेर म्हणजे आपली खबरच की!" श्यामलाबाईंना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. काझा म्हणजे घर, त्यातला झ कसा, तर आपल्या 'जरा'तला ज. बावाझादासमधला झ मात्र आपल्याकडे नाही, देवनागरीत लिहून घेताना त्याला त्यांनी खाली टिंब दिलं. बावाझादास म्हणजे वायफळ बडबड, हा शब्द त्यांनी उल्हासरावांवर लगेच वापरून पाहिला. एस्त्रेया ओठ हलवून दाखवायची, चुकलं की टेबलावर चापट मारायची. सुरुवातीला चापटांचा पाऊस पडला, मग तो ओसरला, आणि पाच आठवड्यांनी टेबल शांत झालं. एस्त्रेयाची एकच अट होती: घशाचं पेर्लाला कळता कामा नये, तिचं हृदय नाजूक आहे. श्यामलाबाईंना त्यात काही गैर वाटलं नाही. आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसांपासून असंच लपवतात.

रविवारी दुपारी स्पीकर ऑन करून फोन लावला. एस्त्रेया शेजारी पॅड घेऊन बसली, पेर्ला बोलेल ते इंग्लिशमध्ये लिहून द्यायला. श्यामलाबाईंनी एस्त्रेयाचा मजकूर देवनागरीत उतरवलेला कागद धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पेर्ला, सो यो, एस्त्रेया." पेर्ला, मी एस्त्रेया. मग अख्खं पान, एकही अडखळ नाही.

पलीकडून पेर्ला कडाडली. एस्त्रेया पॅडवर भरभर लिहीत होती: *ती म्हणते, हा आवाज माझ्या बहिणीचा नाही. पण ही बाई अस्सल इझमीरची आहे. भाच्याने कोणीतरी आणून शेजारच्या खोलीत बसवलीय. ती म्हणते, आता खात्रीच पटली. मी मेले.*

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! श्यामलाबाई इतकं छान बोलल्या म्हणूनच घात झाला होता. पलीकडे पेर्ला भाच्याला फोन ठेवायला सांगत होती, एवढं त्यांनाही कळलं.

त्यांनी कागद बाजूला टाकला.

"अहो पेर्लाताई, थांबा हो! जिवंत आहे तुमची बहीण, इथे माझ्यासमोर बसून रडतेय! देवाशप्पथ!" हे सगळं मराठीत. मग भान येऊन, मोडकंतोडकं, "यो नो इझमीर. यो श्यामला. इंडिया. विझिना, लोन्द्रा." मी शेजारीण, लंडनची.

पेर्लाने फोन ठेवू दिला नाही. ही कुठली भाषा, कोण जाणे, पण असली बाई इझमीरमध्ये भाच्याला शोधूनही मिळाली नसती. तिने सावकाश विचारलं, मग ती स्वतः का बोलत नाही?

एस्त्रेयाने दोन्ही हात हलवले. नाही, नाही. श्यामलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. शब्द दिला होता. पण खोट्यानेच एस्त्रेयाला जिवंतपणी मारलं होतं, आणि त्या खोट्यात आपणही सामील झालो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"बोझ नो आय," त्या म्हणाल्या. आवाज नाही. "ऑपेरासियोन. बोझ नो आय."

एस्त्रेयाने डोळे मिटून घेतले. मग पेर्लाचा आवाज आला, अगदी लहान झालेला. "मे सियेन्ते?" माझं ऐकू येतं तिला?

"सियेन्ते," श्यामलाबाई म्हणाल्या आणि फोन एस्त्रेयाच्या कानाशी धरला.

पेर्ला बोलायला लागली. आधी शिव्या दिल्या, मग रडली, मग पुन्हा शिव्या. एस्त्रेया प्रत्येक शिवीला मान डोलावत होती. ते आंधळ्या पेर्लाला दिसणार नव्हतंच, म्हणून श्यामलाबाई दर वेळी तिला सांगत होत्या, "सी, पेर्लाताई. सी. सी."